कूलर बिघडला? मोटर बदलण्याआधी हे तपासा

ग्वाल्हेरात मे संपता संपता नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि नेमके त्याच दिवसांत कूलरचे मिस्त्री मिळेनासे होतात. मिळाले तरी घाईत असतात, आणि घाईतल्या माणसाला सगळ्यात सोपं काम म्हणजे जुनी मोटर काढून नवी बसवणं. वास्तविक पत्र्याच्या कूलरमध्ये बिघडण्यासारख्या वस्तू मोजक्याच असतात: पंप, घास (जाळ्यांत भरलेला, पाण्याने भिजणारा तंतूंचा थर), कपॅसिटर (मोटर फिरायला मदत करणारी छोटी डबी), मोटरचे बुश (ज्यांत दांडा फिरतो त्या कड्या), स्विच, वायरींची टोकं आणि पाण्याची टाकी. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळणं हे त्यांतलं महागाचं आणि तुलनेने क्वचित होणारं दुखणं. म्हणून तपासणी स्वस्तापासून महागाकडे करायची. अपवाद एकच, पत्र्याला करंट येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी तो शोधायचा.

खालचं सगळं ग्वाल्हेरच्या लष्कर-मुरार भागांत घरोघरी दिसणारा, तीन बाजूंना जाळ्या असलेला पत्र्याचा कूलर डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. प्लास्टिकच्या कूलरलाही यातलं बहुतेक लागू पडतं. रिमोटवाल्या कूलरचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड मात्र वेगळा विषय आहे, त्यात इथल्या भरवशावर हात घालू नका.

हाताशी काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर. कपॅसिटर मोजण्याची सोय असलेला घ्या, किमतीत फार फरक पडत नाही.
- टेस्टर, लहान-मोठे पेचकस, पक्कड, पान्यांचा जोड
- होल्डरमध्ये लावलेला साधा पिवळा बल्ब (आत तार असलेला, एलईडी नव्हे), दोन मोकळ्या वायरींसह
- शिलाई मशीनचं तेल, जुना टूथब्रश, सँडपेपर, जाड सुई किंवा सायकलच्या चाकाची तार
- लिंबूसत्त्व किंवा पांढरं व्हिनेगर, क्षार काढण्यासाठी
- इन्सुलेशन टेप, तीन पिनांचा प्लग, तीन तारांची केबल
- कोरडी रबरी चप्पल. ही यादीत शेवटी असली तरी पायात सगळ्यात आधी.

काम सुरू करण्यापूर्वी मोबाइलवर वायरींच्या जोडणीचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. कूलरच्या मोटरमधून वेगवेगळ्या रंगांच्या वायरी निघतात आणि रंगांचा नियम प्रत्येक कारखान्याचा वेगळा असतो.

१. स्विच नव्हे, प्लग काढा

नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी (वीज घेऊन येणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) बसवलेला सापडतो. अशा ठिकाणी स्विच बंद असतो, पंखा थांबलेला असतो आणि मोटरपर्यंत फेज मात्र हजर असतो. त्यामुळे प्लग बाहेर, आणि तोही डोळ्यांना दिसेल असा समोर ठेवलेला.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ चार्ज राहतो. बल्बच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवल्या की तो उतरतो. पेचकस आडवा लावून ठिणगी काढायची पद्धत सर्रास दिसते, पण त्यात कपॅसिटर आणि पेचकस दोन्ही खराब होतात.

आणि रोजची गोष्ट: चालू कूलरमध्ये पाइपने किंवा बादलीने पाणी भरू नका. ओली फरशी, अनवाणी पाय आणि पत्र्याची टाकी यांच्या मधे आपण उभे असतो. पाणी भरायचं तर प्लग काढून.

२. पत्र्याला करंट येतो का?

पत्र्याला टेस्टर लावल्यावर दिवा मिणमिणतो एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. अर्थिंग नसलेल्या कूलरवर मोटरच्या नुसत्या सान्निध्यानेही टेस्टर अंधुक पेटतो. नक्की काय ते दोन तपासण्यांतून कळतं.

पहिली सॉकेटची. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रात अर्थ असतो, समोरून पाहताना उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास आकडा यावा, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तितकाच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये काहीच दिसलं नाही किंवा ६०-१०० असा अधांतरी आकडा आला, तर अर्थची तार कुठेतरी तुटली आहे किंवा मुळात टाकलेलीच नाही. ते काम वायरमनचं. नळाच्या पाइपला तार बांधून अर्थिंग झालं असं समजू नका, आता मधेच कुठेतरी प्लास्टिकचा पाइप असतो. गॅसच्या पाइपला तर चुकूनही नाही.

दुसरी तपासणी कूलरची. प्लग काढलेला, पंप आणि पंखा दोन्हींचे बटण चालू स्थितीत. मीटर ओहमच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवून एक टोक प्लगच्या फेजच्या पिनेला आणि दुसरं पत्र्याला लावा. पत्र्याला म्हणजे रंगाला नव्हे, जिथे लोखंड दिसतं अशा स्क्रूला किंवा खरवडलेल्या जागी. मग हेच न्यूट्रलच्या पिनेने करा. मीटरवर ‘ओएल’ किंवा १ दिसलं, म्हणजे मधे जोड नाही, की ठीक. आकडा एक मेगाओहमच्या खाली, किलोओहममध्ये आला, तर गळती आहे. मीटर ही चाचणी अगदी कमी व्होल्टवर करतो, त्यामुळे बारीक गळती त्याला कधी सापडत नाही. आकडा चांगला आला तरी अर्थिंगशिवाय कूलर चालवायचा नाही तो याचसाठी.

गळती सापडली तर पहिला संशय पंपावर. त्याच्या वायरी सोडवून पुन्हा मोजा. गळती गेली तर पंप दोषी, नाहीतर मोटर किंवा पत्र्याच्या धारेवर घासलेली वायर. पंपाची खात्री आणखी एका रीतीने होते. तो प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात बुडवा, मीटरचं एक टोक पंपाच्या वायरींना, दुसरं पाण्यात. आकडा आला की वायरीजवळचं सील फुटलेलं आहे. असा पंप टेप गुंडाळून वापरू नका, टाका.

इथे दोन सापळे आहेत. दोन पिनांचा प्लग उलटा लावला की झिणझिण्या थांबतात आणि लोक समाधानाने झोपतात. बिघाड तिथेच असतो, फक्त फेजची बाजू बदललेली असते. दुसरा, घरातला आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकणं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो तो माणूस मरू नये म्हणून. पिन काढल्यावर तो तुमच्या शरीरातून करंट वाहेपर्यंत वाट पाहतो.

३. काहीच चालत नाही तेव्हा

पंप आणि पंखा दोन्ही एकदम बंद असतील तर दोष त्या दोघांत नाही, त्यांच्याआधीच्या रस्त्यात आहे. सॉकेट, प्लग, केबल, स्विच या क्रमाने बघा. प्लगची पिन काळवंडली असेल किंवा तिच्याभोवतीचं प्लास्टिक वितळलं असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्याला पुन्हा जाळतो.

कूलरच्या थरथरीने आतले स्क्रू ढिले होतात. कनेक्टरमधली प्रत्येक वायर हलक्या हाताने ओढून बघा. वेग बदलायच्या गोल स्विचमध्ये एकाच आकड्यावर पंखा चालत नसेल तर बहुधा त्या टप्प्याचा संपर्क जळालेला असतो; मीटर बीपवर ठेवून प्रत्येक टप्पा तपासता येतो.

संध्याकाळी कूलर मंद चालतो आणि पहाटे ठीक, असं असेल तर कूलर चालू ठेवून दुसऱ्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. १८०च्या खाली उतरत असेल तर कूलर उघडण्यात अर्थ नाही.

४. पंखा चालतो, हवा गरम येते: पंप आणि पाण्याची वाट

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. पंखा थांबवून फक्त पंप चालू करा आणि जाळ्यांच्या वरच्या पन्हळीत पाणी येतं का बघा.

पाणी अजिबात येत नाही आणि पंप गुणगुणतोय, तर पंखुडी अडकली आहे. प्लग काढून पंप बाहेर घ्या, पण वायरीला धरून उचलू नका, सील तिथेच सुटतं. तळाची जाळी आणि झाकण बहुतेक पंपांत नुसतं ओढून निघतं. आत छोटी पंखुडी आणि तिच्याबरोबर लोहचुंबकाचा गोल दांडा असतो, तोही बाहेर येतो. त्यावर पांढरा थर आणि घाशीचे तंतू साचलेले दिसतील. बोअरिंगचं पाणी वापरणाऱ्या घरांत हा थर महिन्याभरात जमतो, तिघरा धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यावर जरा उशिरा. कोमट पाण्याच्या मगात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून हे सुटे भाग अर्धा तास बुडवा, टूथब्रशने घासा, परत बसवा. पंखुडी बोटाने फिरवल्यावर चुंबकाच्या ओढीने टप्प्याटप्प्याने फिरते. ते नैसर्गिक आहे, अडकलेली समजू नका.

पंप गुणगुणतही नाही, तर त्याच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. काहीतरी आकडा आला तर गुंडाळी शाबूत आहे, दोष स्विच किंवा जोडात. ‘ओएल’ आला तर गुंडाळी तुटली. हे पंप राळेत बंद केलेले असतात, त्यांची दुरुस्ती होत नाही. नवा घेताना वॅट आणि किती फुटांपर्यंत पाणी चढवतो ते बघा. साध्या घरगुती कूलरला १८ वॅटचा, सहा फूट चढवणारा पंप पुरतो. उंच कूलरला कमी उंचीचा पंप लावला तर पाणी वर पोचतं खरं, पण ठिबकत.

पंप जळण्याचं मुख्य कारण कोरडा चालणं. मोठा कूलर भर दुपारी तासाला १५-२० लिटर पाणी सहज उडवतो. रात्री टाकी भरून झोपलं आणि पहाटे पाणी संपलं की उरलेले तास पंप पाण्याविना फिरत राहतो. टाकीत पंप बुडून वर बोटभर पाणी राहील इतकी पातळी हवीच. नळाला जोडलेला फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर त्याचा चेंडू हलवून बघा; आत पाणी शिरलेला चेंडू तरंगत नाही आणि पाणी वाहतच राहतं.

पाणी वर येतं पण घास अर्धीच भिजते, तर पन्हळीची छिद्रं सुईने मोकळी करा आणि पाइप कुठे दुमडलाय ते बघा. तीन फाट्यांपैकी एका बाजूला धो धो आणि दुसरीकडे थेंब, असं असेल तर जास्त पाणी जाणाऱ्या फाट्याच्या नळीला सुतळीचा हलका फास द्या. कूलर तिरका उभा असला तरी असंच होतं, म्हणून आधी पायांखाली बघा.

५. घास

घास ओली दिसते तरी हवा गरम, असं असेल तर जाळी उघडून वरची कड बघा. हंगामाच्या मध्यावर घास भिजून खाली बसते आणि वर तीन-चार बोटांची फट पडते. हवा नेहमी सोपी वाट धरते: सगळी गरम हवा त्या फटीतून आत येते, ओल्या घाशीला शिवतही नाही. नवी घास भरताना वरच्या कडेला थोडी दाबून जास्त भरा आणि जाळीला सुतळीने दोन-तीन ठिकाणी टाचा. जाडी साधारण दोन इंच. याहून जाड भरली तर पंख्याला हवा ओढता येत नाही, उलट वारा कमी होतो.

घास दर हंगामाला बदलायचीच वस्तू आहे. खसाची, म्हणजे वाळ्याची, सुवासिक पण महाग, आणि दाट भरली तर वारा अडवते. कागदी हनीकोंब पॅड दोन-तीन हंगाम टिकतात, मात्र खाऱ्या पाण्यात कडक होऊन त्यांची छिद्रं बुजतात. एकदा तसं झालं की ब्रशने घासू नका, कागद फाटतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने भिजवून पाइपने धुवा.

पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत मागे राहतात, म्हणून नुसती भर घालत राहिलं तर पाणी दिवसेंदिवस खारं होत जातं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून तळ पुसा. डेंग्यूच्या डासाची अळीही त्यामुळे वाढत नाही, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात.

६. पंखा गुणगुणतो, फिरत नाही

इथेच मोटर गेली असं सांगितलं जातं. प्लग काढा आणि पातं हाताने फिरवा.

*पातं जड फिरतं, लगेच थांबतं.* बुश कोरडे झाले आहेत. मोटरच्या दोन्ही टोकांना दांड्याजवळ शिलाई मशीनच्या तेलाचे पाच-सहा थेंब सोडा, पातं फिरवत राहा, दहा मिनिटांनी पुन्हा थेंब. खायचं तेल नको, ते उन्हाने चिकट होऊन दांडा धरून ठेवतं. दांडा आडवा हलवून खडखड जाणवली तर बुश झिजले आहेत, तेलाने भागणार नाही. बॉल बेअरिंगची मोटर असेल तर बेअरिंगवर ६२०१ किंवा ६२०२ असा नंबर कोरलेला असतो, तोच नंबर आणा.

*पातं मोकळं फिरतं, वीज दिल्यावर नुसतं गुणगुणतं.* बहुतेक वेळा कपॅसिटर. खात्री करायची तर चार्ज उतरवून, एक वायर सोडवून मायक्रोफॅरडवर मोजा. कूलरच्या मोटरला बरेचदा ४ मायक्रोफॅरडचा असतो, पण अंदाजाने घेऊ नका, जुन्यावर लिहिलेलं वाचा. चारचा सव्वातीनच्या खाली आला असेल तर बदला. शंभराच्या आतली वस्तू आहे. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट ४४० किंवा अधिक, आणि कपॅसिटर एसीचा. जास्त वेगाच्या लोभाने मोठा कपॅसिटर लावण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो घेतला तर वाइंडिंग तापून खरंच मोटर जाते.

वीज चालू ठेवून अडलेल्या पंख्याला काठीने ढकलून सुरू करायची सवय लावू नका. अडकलेल्या स्थितीत मोटर सगळी वीज उष्णतेत घालवते.

*कपॅसिटर नवा, पातं मोकळं, तरी फिरत नाही.* आता वाइंडिंग. सगळ्या वायरी सुट्या करा. एकाच वेगाच्या मोटरला तीन वायरी असतात. दोन-दोनच्या तीन जोड्या मोजा. सर्वांत मोठा आकडा इतर दोन आकड्यांच्या बेरजेइतका आला तर वाइंडिंग ठीक. ज्या जोडीत मोठा आकडा आला, त्या जोडीला कपॅसिटर लागतो, आणि उरलेली तिसरी वायर कॉमन. एखाद्या जोडीत ‘ओएल’ असेल तर तार तुटली आहे, किंवा वाइंडिंगमध्ये बसवलेला थर्मल फ्यूज उडाला आहे. मोटर गार झाल्यावर एकदा परत मोजा, काही मोटरींत हा संरक्षक आपोआप जुळतो. जळका वास आणि काळं पडलेलं वार्निश दिसलं तर मोजत बसायची गरज नाही.

रिवाइंडिंग घरी करू नका. कारागिराकडे देताना तांब्याची तार की ॲल्युमिनिअमची हे आधी ठरवा आणि पावतीवर लिहून घ्या. नवी मोटर घ्यायची तर जुनीच बरोबर न्या: दांड्याची जाडी आणि लांबी, बसवायच्या छिद्रांमधलं अंतर, वेग आणि फिरण्याची दिशा, यातलं एक चुकलं तरी दुसरी फेरी पडते.

बसवल्यावर हवा खोलीत येण्याऐवजी जाळ्यांकडे जात असेल तर मोटर उलटी फिरते आहे. फेज कपॅसिटरच्या ज्या टोकाला आहे तिथून काढून दुसऱ्या टोकाला जोडा. ज्या मोटरींत दोन्ही गुंडाळ्या सारख्या आहेत तिथे एवढ्याने भागतं. आकडे असमान असतील तर ही उलटापालट करू नका, दुकानातून योग्य दिशेची मोटर बदलून आणा.

७. आवाज आणि गळती

पंखा थडथडत असेल तर पात्याचा स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच बसलाय का बघा. मग पात्याभोवतीच्या कड्याच्या एका ठिकाणी पेन्सिल धरून पातं हळू फिरवा. प्रत्येक टोक पेन्सिलीपासून तितक्याच अंतरावरून जायला हवं. वाकलेलं टोक हाताने सरळ करता येतं. पात्यांवर साचलेली धूळही तोल घालवते, आणि ती पुसणं सगळ्यांत सोपं असून शेवटी आठवतं.

टाकी गळत असेल तर ती पूर्ण वाळवा, गंज सँडपेपरने काढा, बारीक भोकावर एमसील भरा आणि आतून डांबरी रंगाचे दोन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. ओल्या पत्र्यावर काहीही लावलं तरी आठवड्यात सुटतं.

८. सगळं चालतं, तरी गारवा नाही

हा बिघाड कूलरचा नसून खोलीचा असतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढून ती ओली करतो. तेवढीच हवा खोलीबाहेर गेली नाही तर दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. कूलर खोलीच्या आत ठेवला असेल तर तो तीच ओली हवा फिरवत बसतो.

बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना पाण्याने हवा जास्तीत जास्त २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. घास चांगली असेल तर प्रत्यक्षात २८-२९ अंशांची हवा मिळते. जुलैत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तीच मर्यादा २९ अंशांच्या आसपास येते, म्हणजे नवा कोरा कूलरही तीन अंशांहून फारसं कमी करू शकत नाही. त्या दिवसांत पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

९. पावसाळ्यात बंद करून ठेवताना

टाकी रिकामी करून पुसा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. जुनी घास काढून टाका, तशीच ठेवली तर जाळीचा पत्रा तिच्या ओलीने गंजतो. पंप लिंबूसत्त्वाच्या पाण्यात धुऊन, पंखुडी सुटी करून वाळवा आणि कापडात गुंडाळून घरात ठेवा. मोटरला तेल द्या, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. जुनी चादर पुरे. पुढच्या मार्चमध्ये वीज देण्यापूर्वी दुसऱ्या टप्प्यातली पत्र्याची तपासणी पुन्हा करा, कारण उंदरांनी कुरतडलेली वायर बाहेरून दिसत नाही.